वारा पडेपर्यंतचं घर

आमच्या टोयोटा टकोमा पिकअपचा हौदा सहा फूट दीड इंच लांब आहे आणि आमचे दोन कयाक प्रत्येकी सतरा फुटांचे आहेत. या दोन आकड्यांची सांगड कशी घालायची, यात मी मिनेसोटातला एक अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये काढला. बाहेर बर्फ, आत लाकडाचा भुसा, आणि भिंतीवर लेक सुपीरिअरच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा. ड्रिल खाली ठेवलं की नजर त्या नकाशावर जायची.

लहान तळ्यात फिरायला दहा फुटांची प्लास्टिकची नाव पुरते. ती हौद्यात तिरकी टाकायची, मागचा फाळका उघडा ठेवायचा, पट्टा आवळायचा आणि निघायचं. सुपीरिअरवर ते चालत नाही. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. लांबी साधारण ५६० किलोमीटर, आणि सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर पाणी. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा या एका सरोवरात आहे. इतक्या मोकळ्या पाण्यावरून वारा धावत येतो तेव्हा लाट समुद्राचीच उठते. त्या लाटेत लांब आणि अरुंद नाव लागते. ती रेघ धरून चालते, आणि तिच्या पुढच्या-मागच्या टोकांना हवाबंद कप्पे असतात, त्यामुळे उलटली तरी तरंगत राहते.

आणि पाणी थंड असतं, फारच थंड. जूनमध्ये किनाऱ्यावर लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत आइसक्रीम खात असतात, तेव्हा पाणी चार-सहा अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी दिलेला हिशोब इथला प्रत्येक कयाकवाला तोंडपाठ ठेवतो. बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताळ्यावर आणण्यात जातं. पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे स्वतःला वाचवायचं ते त्या दहा मिनिटांत. म्हणून कपडे हवेकडे बघून घालायचे नसतात, पाण्याकडे बघून घालायचे असतात. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असतो: आज पाण्यात उतरायचं का?

गाडीची सगळी रचना मी या एका प्रश्नाभोवती केली.

माझं बालपण देवगडचं. आषाढात खाडीच्या काठी होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असायच्या. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रावर जायचं नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. आता १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी मासेमारी बंदी असते, पण त्या बंदीच्या कितीतरी आधीपासून थांबण्याची ही रीत आहे. थांबणं हा दर्यावर्दी माणसाच्या कामाचाच भाग आहे, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. सुपीरिअरवर मात्र थांबण्याचा निर्णय ज्याचा त्याला एकट्यालाच घ्यावा लागतो. शहरातून चार तास गाडी हाकून आलेला असतो, मोटेलचे पैसे भरलेले असतात, रविवारी संध्याकाळी परत निघायचं असतं. मग तो समोरच्या पांढऱ्या फेसाळ लाटांकडे बघतो आणि म्हणतो, तेवढं काही नाही, जाऊन येऊ. या एका वाक्याची मला भीती वाटते.

म्हणून मी गाडीला अट घातली. नावा टपावर बांधलेल्या असतानाच आत झोपता आलं पाहिजे, बाहेर रांधता आलं पाहिजे, कोरडं राहता आलं पाहिजे. झोपण्यासाठी नावा खाली उतरवाव्या लागल्या, तर मन अर्धं पाण्यात गेलेलं असतं. नावा वर असतील तर वाट बघणं सोपं जातं.

पिकअप हे वाहन असल्या कामासाठीच जन्माला आलं असावं. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा मागचा भाग कापून शेतकरी स्वतःच लाकडी खोकं बसवून घेत, ते बघून कंपनीनं १९२५ साली कारखान्यातूनच हौदा लावून गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. १९७७पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा ट्रक फोर्डचीच एफ मालिका आहे. पण मला त्या खपापेक्षा ते लाकडी खोकं महत्त्वाचं वाटतं. आपल्या कामाप्रमाणे मागचा भाग आपण घडवायचा, ही मुभा या गाडीत पहिल्यापासून आहे. इथे सुतार, नळवाला, मधमाश्या पाळणारा, प्रत्येकाची पिकअप मागून वेगळी दिसते, आणि मला ते बघायला फार आवडतं.

करवत हातात घेण्यापूर्वी वजनाचा हिशोब करावा लागतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची एक चिठ्ठी असते: माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनापेक्षा जास्त नको. आमच्या गाडीला सुमारे ११०० पौंड चालतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण आम्ही दोघं मिळून ३०० पौंड. हौद्यावरचं फायबरग्लासचं झाकण, ज्याला इथे टॉपर म्हणतात, ते १८०. प्लायवूडचा पलंग आणि खण १२०. दोन नावा ११०, त्यांच्या आडव्या दांड्या आणि नाव टेकवायची खोगिरं ४०. वीस लिटर पाणी, शेगडी, खाणं, पोहण्याचे जाड सूट, वल्ही, अंथरूण मिळून दीडशे तरी. नऊशेचा आकडा तिथेच गाठला जातो. गाडीवर सामान चढवून आनंद मानणारे पुष्कळ लोक मी पाहते: जाड लोखंडी चौकटी, टपावरचे तंबू, जादा बॅटऱ्या. ब्रेक दाबल्यावर हे सगळं वजन थांबवायचं असतं, याचा विचार त्यात दिसत नाही. मी अठरा मिलिमीटरचं प्लायवूड सोडून बारा मिलिमीटरचं घेतलं आणि खाली आडव्या पट्ट्या देऊन ते ताठ केलं. पलंग तेवढाच मजबूत झाला आणि वजन बरंच उतरलं.

आता नावा. टपावर नाव ठेवायला दोन आडव्या दांड्या लागतात, आणि त्या एकमेकींपासून जितक्या लांब तितकी नाव स्थिर. त्यामुळे पहिला मोह असा होतो की एक दांडी पुढे माणसांच्या केबिनवर आणि एक मागे टॉपरवर लावावी. अंतर छान मिळतं. पण पिकअपमध्ये केबिन आणि हौदा खालच्या चौकटीवर वेगवेगळे बसवलेले असतात. खडबडीत रस्त्यावर चौकट किंचित पिळते, केबिन एका बाजूला झुकते, हौदा दुसऱ्या. त्या दोन्हींवर घट्ट बांधलेली फायबरग्लासची नाव मधल्यामध्ये पिळली जाते. म्हणून मी दोन्ही दांड्या टॉपरवरच घेतल्या. मध्ये चार फुटांचं अंतर मिळालं. टॉपरच्या छताला आरपार बोल्ट घालून रुळ बसवले, आतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा आधार दिला, बोल्टखाली रबरी वॉशर घातले. छत किती भार पेलतं, हे टॉपर बनवणाऱ्याला आधी विचारून घेतलं. उभ्या गाडीवर पेलणारा भार आणि धावत्या गाडीवर पेलणारा भार यांत फार फरक असतो, तो विचारताना धावत्या गाडीचा विचारावा.

खरं तर टपावरच्या नावेला तिच्या वजनाचा त्रास नसतो, वाऱ्याचा असतो. ताशी सत्तर मैलांनी जाताना समोरचा वारा नावेची नाळ वर उचलायला बघतो, आडवा वारा तिला फिरवायला बघतो. बाजूनं मोठा ट्रेलर गेला की एक धक्का बसतो. त्यासाठी मधले दोन पट्टे पुरत नाहीत, पुढून-मागून दोरी लागतेच. पुढच्या दोरीसाठी बॉनेटखालच्या बोल्टमध्ये कापडी पट्ट्यांची दोन कडी अडकवून ठेवली आहेत. गाडी उभी असली की ती आत दुमडता येतात. पट्टे साधे, स्प्रिंगच्या बकलांचे. दातेरी चक्राचे आवळपट्टे मी नावेला लावत नाही, कारण त्यांत हाताला कळण्याआधीच ताण इतका वाढतो की नावेचं अंग चेपतं. पट्टा जिथे नावेच्या आत आडवी भिंत आहे त्या जागेवरूनच जाईल, अशा बेतानं खोगिरं सरकवून घेतली. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यायचा, म्हणजे वाऱ्यात तो घुमत नाही. दोरीला शेवटी सुरगाठ मारायची, निरगाठ मारायची नाही. संध्याकाळी बोटं गारठलेली असताना निरगाठ सोडवणं जिवावर येतं.

दोन्ही दांड्या मागे टॉपरवर असल्यानं नाव मागे फार बाहेर येते. आम्ही तिला होता होईल तेवढी केबिनवर सरकवतो, तरीही फाळक्यापासून साडेचार फूट शेपूट बाहेर राहतं. चार फुटांच्या वर गेलं की बऱ्याच राज्यांत लाल फडकं बांधावं लागतं. आम्ही ते नेहमीच बांधतो. ते शेपूट पार्किंगमध्ये बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीला असतं, त्यामुळे फडक्याला कायद्याशिवायही अर्थ आहे. डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: उंची पावणेआठ फूट. शहरातल्या बहुमजली पार्किंगच्या तोंडाशी ती वाचायची आणि सरळ पुढे जायचं.

पण त्या शेपटानं एक खरी अडचण केली. टॉपरची मागची काच वर उघडते. नावा टपावर असल्या की ती अर्ध्यातच त्यांना जाऊन भिडते. म्हणजे मागून आत शिरायचं तर वाकून, रांगत. माझी अट इथेच मोडत होती. हिवाळ्यातले कितीतरी दिवस मी या एका काचेपुढे उभी राहून विचार करण्यात घालवले. शेवटी दोन गोष्टी केल्या. काच जिथवर जाऊ शकते तिथेच थांबावी म्हणून आतून एक दोरी लावली. आणि टॉपरच्या दोन्ही बाजूंच्या सरकत्या खिडक्या काढून त्या जागी पूर्ण वर उघडणाऱ्या खिडक्या बसवल्या. उजव्या खिडकीखाली स्वयंपाकाची पेटी, डाव्या खिडकीखाली ओल्या सामानाची टोपली. मागून फक्त झोपायला जायचं. बाकी संसार दोन्ही बाजूंनी चालतो.

पलंग चाकांच्या घुमट्यांच्या वरून नेला, हौद्याच्या तळापासून अकरा इंच. चाकांच्या मध्ये साडेतीन फुटांहून थोडी कमी जागा मिळते, तिथे दोन लांब खण. वर दोघांना शेजारी झोपण्याइतकी रुंदी. माथ्यावर अडीच फुटांपेक्षा कमी जागा राहते, त्यामुळे उठून बसता येत नाही, कोपरावर टेकून पुस्तक वाचता येतं. कुणाला हे अडचणीचं वाटेल. उंच टॉपर मिळतो, पण मग नावा आणखी वर जातात आणि त्या चढवताना खांदे भरून येतात. नावा हाताला लागतील इतक्या खाली राहिल्या पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे. थकलेल्या माणसाला पंचवीस किलोची नाव डोक्याच्या वर उचलायला लावणारी रचना चांगली नव्हे. आम्ही नाळ मागच्या दांडीवर टेकवतो, एकजण मागून ढकलतो, दुसरा बाजूनं सांभाळतो. माझी उंची पाच फूट एक इंच आहे, त्यामुळे घडीची पायरी खणात वरच ठेवलेली असते.

आतून गालिचा लावायचा की नाही, यावर आमचं बोलणं झालं होतं. नवरा म्हणाला, ‘‘अगं, उबदार वाटेल.’’ मी म्हटलं, ‘‘अरे, ओल्या सूटचं पाणी त्यात मुरलं की आठ दिवस वास जाणार नाही.’’ मग उघडं लाकूड ठेवलं आणि त्यावर जहाजाला लावतात तसलं व्हार्निश तीन हात दिलं. ते पुसून कोरडं होतं. ओलं आणि कोरडं यांची सरमिसळ होऊ न देणं, ही या लहानशा घराची खरी शिस्त. पाण्यातून आलेली कुठलीही वस्तू पलंगावर चढत नाही. ती टोपलीत जाते, टोपली रात्री गाडीखाली जाते.

दोन माणसांच्या श्वासानं बंद जागेत सकाळपर्यंत काचांवरून पाणी ओघळतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवायच्या, बारीक जाळी लावून. जूनमध्ये इथे काळ्या माश्या आणि डास दोन्ही असतात. आत शेगडी कधीही पेटवायची नाही. थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाक फाळक्यावर किंवा बाजूच्या खिडकीखाली, उघड्यावर. आणि खाण्याचं सगळं रात्री पुढच्या केबिनमध्ये कुलपात, कारण या जंगलात काळी अस्वलं आहेत आणि माझ्या भाजणीचा वास त्यांनाही आवडत असणार.

भाजणी असतेच. मेतकूट, तांदूळ, तुपाची छोटी बाटली, कांदे-बटाटे, पिठल्याचं बेसन. थंड वाऱ्यात फाळक्यावर थालीपीठ थापायचं तर पोळपाटापेक्षा ओला रुमाल बरा.

जूनच्या सुरुवातीला आम्ही निघालो. सेंट पॉलहून डुलुथपर्यंत अडीच तास. टेकडीवरून रस्ता खाली उतरू लागतो आणि समोर एकदम पाणीच पाणी दिसतं, क्षितिजापर्यंत. बंदरातून लोहखनिजाच्या गोळ्या भरलेली हजार फुटी जहाजं निघतात आणि त्यांच्यासाठी एक आख्खा पूल लिफ्टसारखा वर उचलला जातो. डुलुथच्या पुढे महामार्ग ६१ किनारा धरून कॅनडाच्या सीमेपर्यंत जातो. पहिले वीस मैल झाले की आम्ही थांबून पट्टे तपासतो. नवे पट्टे ताणले जातात, खोगिराचं रबर बसतं, कुठेतरी बोटभर सैल होतंच.

वाटेत स्प्लिट रॉकचं दीपगृह लागतं. नोव्हेंबर १९०५च्या वादळात या किनाऱ्यावर इतकी जहाजं फुटली की त्यानंतर हे दीपगृह कड्यावर बांधलं गेलं आणि १९१० साली पेटलं. आता ते जहाजांसाठी चालत नाही, पण दर वर्षी १० नोव्हेंबरला त्याचा दिवा लावतात. १९७५ साली त्या दिवशी एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज २९ माणसांसह सुपीरिअरमध्ये बुडालं. ७२९ फुटांचं जहाज होतं. माझ्या टपावर सतरा फुटांच्या दोन नावा होत्या. मी दीपगृहाच्या पायऱ्यांवरून पाणी बघत बराच वेळ उभी होते.

आम्हाला जायचं होतं ते पॅलिसेड हेडच्या पायथ्याला. सिल्व्हर बेच्या पुढे सुमारे ३०० फुटांचा तांबूस कडा सरळ पाण्यात उतरतो. त्याच्या तळाशी लाटांनी कोरलेल्या गुहा आहेत, ज्या फक्त नावेतून दिसतात. टेटागूशच्या राज्य उद्यानात आम्ही गाडी लावली. ईशान्येचा वारा सुटला होता. ईशान्येचा वारा म्हणजे सरोवराची सगळी लांबी तुडवत येणारा वारा. हवामान खात्याचा किनारपट्टीचा अंदाज सहा ते आठ फूट लाटा सांगत होता.

आम्ही नावांचे पट्टे सोडले नाहीत. पावसात खिडकीखाली पिठलं-भात केला, आडवं पडून वाचलं, झोपलो. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन पॅलिसेड हेडच्या माथ्यावर गेलो. वरून बघितलं की कळतं, आत येणारी लाट कड्यावर आपटून परत फिरते, येणाऱ्या पुढच्या लाटेला भेटते आणि दोन्ही मिळून उभं पाणी वर फेकतात. तिथे वल्हं कुठे मारायचं हेच कळणार नाही. कड्याच्या बेचक्यांत बहिरी ससाणे घरटी करतात. एक ससाणा वाऱ्यावर आमच्या डोळ्यांसमोर जागच्या जागी तरंगत होता.

सकाळी देवगडला फोन केला. तिकडे संध्याकाळ.

‘‘वारा कुठला?’’ बाबांनी पहिला प्रश्न विचारला.

‘‘ईशान्येचा, बाबा.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘गाडीत. थालीपीठ खातोय.’’

‘‘बरं आहे. वारा पडला तरी लगेच जाऊ नका. पाणी मागून निवतं.’’

बाबांनी सुपीरिअर पाहिलेलं नाही, पण ते अगदी बरोबर होतं. वारा त्या रात्री पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं, आणि तरी किनाऱ्यावरचे गोटे लाटांखाली खडखडत होते. आमच्या शेजारच्या जागेवरचं एक जोडपं त्या दिवशी परत शहराकडे निघालं, त्यांची सुट्टी संपली होती. आम्ही आणखी एक रात्र काढली. माणसाला इतकी मोकळीक मिळावी यासाठीच हिवाळाभर भुसा खाल्ला, असं मला त्या रात्री मनापासून वाटलं.

मग पहाटे पाचला पाणी सपाट होतं. जमिनीवरून सरोवराकडे हलकी मतलई वाहत होती. अर्ध्या तासात नावा खाली, सूट अंगावर, जीवरक्षक जाकीट, छातीवर रेडिओ, आणि बाप्टिझम नदीच्या मुखाशी असलेल्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून आम्ही निघालो. पाणी इतकं नितळ की वीस फुटांखालचे दगड मोजता येत होते. कड्याखाली शिरलो तेव्हा सूर्य समोरून आला आणि तांबड्या दगडावर पाण्याची जाळी हलू लागली. गुहांमध्ये नाव मागे मागे सरकवत न्यायची, म्हणजे तोंड बाहेरच्या पाण्याकडे राहतं आणि लाट आली तर दिसते. आत आवाज घुमतो. छतावरून थेंब पडतात, एकेक स्वच्छ ऐकू येतो.

हा सगळा किनारा लाव्ह्याचा आहे. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी हे खंड मधोमध फाटू लागलं, भेगांतून लाव्हा वर आला, आणि मग फाटणं थांबलं. पॅलिसेड हेड हा रायोलाइट, पण आजूबाजूला काळा बेसॉल्ट आहे, थर थर बसलेला, पोकळ्यांत अगेट भरलेला. देवगडच्या किल्ल्याखालचा दगड हाताला माहीत असलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्याच्या सोळा-सतरा पट जुना. मी नावेतून हात लांब करून त्याला हात लावला. खरखरीत आणि बर्फासारखा गार. दगडही पडतो मात्र. इथून जवळच पाण्यात उतरलेली एक सुंदर दगडी कमान होती, ती २०१० साली कोसळली. तिचा उरलेला सुळकाही २०१९ साली गेला. म्हणून कड्याच्या अगदी खाली रेंगाळायचं नसतं.

साडेआठला पाण्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या. वारा फिरत होता. दोन गुहा बघायच्या राहिल्या होत्या. नवऱ्यानं वल्हं आडवं धरून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि आम्ही नावा वळवल्या.

तिथून आम्ही ग्रँड पोर्टेजला गेलो, जवळजवळ कॅनडाच्या सीमेवर. अठराव्या शतकाच्या शेवटी नॉर्थ वेस्ट कंपनीचं मोठं ठाणं इथे होतं. माँट्रिअलहून छत्तीस फुटांच्या भूर्जसालीच्या नावा माल घेऊन सरोवरावरून इथे येत, आणि पुढे पिजन नदीचे धबधबे टाळण्यासाठी साडेआठ मैल जमिनीवरून ओझी वाहिली जात. एकेका माणसाच्या पाठीवर नव्वद पौंडांचे दोन गठ्ठे. ती वाट ओजिब्वे लोकांची, आणि सालीची नाव बनवण्याची विद्याही त्यांचीच. फाटली तर जंगलातच साल, मुळांचा दोरा आणि डिंक घेऊन दुरुस्त करता येणारी, आणि खांद्यावर उचलता येणारी. नावांच्या कोठीत तसल्या नावा ठेवलेल्या आहेत. मी त्यांच्या शिवणीकडे बराच वेळ बघितलं. नाव पाण्यात कशी चालेल एवढा विचार त्यात नाही, ती जमिनीवरून कशी नेता येईल हाही आहे. ते वल्हेकरी पहाटे अंधारात निघत, कारण दिवस चढला की वारा उठतो. वारा उठला की नावा किनाऱ्यावर ओढून बसत, कधी कधी दिवसचे दिवस.

बाहेर पार्किंगमध्ये एक वयस्कर जोडपं आमच्या गाडीभोवती फिरत होतं. त्यांच्या लहान मोटारीवर दोन लांब नावा होत्या आणि मागच्या सीटवर ओला तंबू. आजोबांनी आधी मागची काच अडते का ते विचारलं. मी डावी खिडकी उघडून दाखवली, मग उजवी. आजीबाईंनी पिशवीतून शिवणकामाची टेप काढली आणि दांड्यांमधलं अंतर मोजलं, मग पलंगाची उंची, मग खणाची खोली. आजोबा आकडे नकाशाच्या कडेला लिहीत होते.

‘‘पलंग आणखी दोन इंच खाली घेता आला असता,’’ आजीबाई म्हणाल्या. ‘‘मला गुडघे वाकवून झोपावं लागतं.’’

मी त्यांना चाकांच्या घुमट्या दाखवल्या. त्यांनी वाकून आत हात घातला, घुमटीची उंची मोजली, आणि मधल्या भागापुरतीच फळी खाली घेऊन दोन्ही कडा उंच ठेवता येतील का, असं विचारलं. हे मला सुचलं नव्हतं. आम्ही दोघी फाळक्यावर बसलो आणि त्यांच्या नकाशाच्या मागच्या बाजूला त्याचं चित्र काढू लागलो.